सकाळी दहा वाजता तुम्ही कुठे असता?

निरोपसमारंभ झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, चार माणसं चांगलं बोलली. त्यानंतरचा पहिला महिना बरा जातो. राहिलेली झोप होते, राहिलेल्या गाठीभेटी होतात, एखादी यात्राही होते.

मग एका सोमवारी सकाळचे दहा वाजतात. पेपर वाचून झालेला असतो. अंघोळ, पूजा आटोपलेली असते. नोकरीच्या इतक्या वर्षांत या वेळेला तुम्ही कधी घरी नव्हतात. आता जेवायला अजून तीन तास आहेत आणि हातात काही नाही. मग तोच पेपर पुन्हा उघडला जातो. टीव्ही लागतो. कोणीतरी काहीतरी बोलतं आणि आवाज चढतो.

ही दहा ते एकची वेळ सांभाळा. निवृत्त माणसाच्या घरातली बरीचशी चिडचिड याच वेळात सुरू होते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. पैसे कमी पडतात म्हणून कुढणारी माणसं असतातच. पण पेन्शन व्यवस्थित येत असूनही दिवस रिकामा पडला म्हणून खचलेली माणसं मला जास्त भेटली.

म्हणून सांगणं एकच आहे. तुमचा दिवस तुम्ही स्वतः बांधा. बायको, नवरा, मुलगा, सून यांनी तो बांधून द्यावा अशी वाट बघू नका. त्यांचे दिवस आधीच भरलेले आहेत.

सुरुवात घरापासून करा.

तुम्ही नोकरीला जात होतात तेव्हाही घर चालूच होतं. पाणी किती वाजता येतं, कामवाल्या मावशी कधी येतात, कुकर कधी लागतो, याचं घरात एक वेळापत्रक आहे. बहुतेक घरांत ते तुमच्या पत्नीनं बसवलेलं असतं. सगळ्यांना डबे देऊन झाले की दोन तास तिचे स्वतःचे होते. त्या वेळात ती बहिणीला फोन करायची, पोथी वाचायची, नाहीतर नुसती पाय लांब करून बसायची. आता त्याच वेळी तुम्ही समोर बसलेले असता.

पहिले दोन-तीन महिने नुसतं बघा. सूचना देऊ नका. फ्रिज उघडून ‘हे कधीचं आहे?’ असं विचारू नका. फोडणीला तेल किती, गॅस किती मोठा, हे सांगू नका. मावशी भांडी घासतात तेव्हा मागे उभे राहू नका. तुमच्या मनात वाईट काही नसतं, मला ठाऊक आहे. पण कचेरीत तुमच्या टेबलाशी कोणी असं रोज उभं राहिलं असतं, तर तुम्हाला ते सोसलं असतं का?

चहाकडेही लक्ष द्या. पूर्वी घरात दोनदा चहा व्हायचा. आता अकराला एक, चारला एक, कोणी आलं की आणखी एक. हे वाढलेले चहा तुम्ही करा. दोघांचा करा. पातेलं आणि गाळणं धुऊन ठेवा.

मग घरातलं एक काम पूर्ण अंगावर घ्या. थोडी थोडी मदत नको, एक अख्खं काम. कोणी आठवण न करता, कोणी सांगितल्याशिवाय ते झालं पाहिजे. दळण घ्या, औषधं घ्या, कपडे वाळत घालून घड्या करणं घ्या. मला विचाराल तर भाजीचं काम सगळ्यांत चांगलं, कारण त्यात बाहेर पडणंही होतं आणि हातालाही काम मिळतं.

पण भाजी पिशवीतून आणून ओट्यावर ठेवली म्हणजे काम झालं असं समजू नका. मेथीचं उदाहरण घ्या. घेताना जुडीचा दोरा जरा सैल करून आत बघा. वरची पानं हिरवीगार असतात आणि आतली ओली, काळपट पडलेली असतात. तशी असली तर जुडी ठेवून द्या. चांगली आणलेली जुडीसुद्धा तशीच फ्रिजमध्ये टाकली तर एक-दोन दिवसांत आतून सडायला लागते. म्हणून घरी आल्यावर जुना पेपर पसरा. दोरा सोडा. मुळं कापून टाका. पानं खुडा, कोवळी देठं राहू द्या, जून देठं काढा. धुऊ नका. कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. धुवायची ती चिरायच्या आधी. दोन जुड्या निवडायला पाऊण तास सहज जातो. शेजारी रेडिओ लावा. आठवडाभर घरात भाजीचा विषय कोणाला काढावा लागला नाही, तर ते काम खरंच तुमचं झालं असं समजा.

स्वयंपाकातले चार पदार्थ शिका. वरण-भात, मुगाची खिचडी, पोहे आणि बटाट्याची भाजी. एवढं येणारा माणूस उपाशी राहत नाही. पत्नी आजारी पडेल, लेकीच्या बाळंतपणाला जाईल. कधीतरी दोघांपैकी एकाला एकट्यानं राहावं लागणार आहे, हेही मनाशी धरा. गॅसचं सिलिंडर बदलता आलं पाहिजे, रेग्युलेटर बंद करण्याची सवय लागली पाहिजे.

आणि ताईंनो, तुम्हालाही हेच सांगणं आहे. बँकेचं पासबुक कुठे आहे, कोणत्या खात्यात पेन्शन येते, लॉकरची किल्ली कुठे असते, विम्याचा हप्ता कधी असतो, हे तुम्हाला माहीत हवं. महिन्यातून एकदा बँकेत दोघं मिळून जा आणि खिडकीशी तुम्ही उभ्या राहा.

नोकरी करणारी बाई निवृत्त होते तेव्हा घरात वेगळंच होतं. ‘आता तू घरीच आहेस ना’ असं म्हणून सगळ्यांची कामं तिच्याकडे सरकतात. स्वयंपाकाची बाई बंद होते. नातवाचं पाळणाघर बंद होतं. पस्तीस वर्षं नोकरी आणि घर दोन्ही ओढल्यावर तिला निवांतपणा मिळायचा, तो मिळतच नाही. तसं होऊ देऊ नका. स्वयंपाकाच्या बाई बंद करू नका.

नातवंडं हा आनंदच आहे. पण ते ठरवून करा. आठवड्यातले कोणते दिवस, किती वाजेपर्यंत, आजारी पडलं तर सुट्टी कोण घेणार, हे मुलाशी आणि सुनेशी मोकळेपणानं बोलून घ्या. एक-दोन दिवस तुमचे स्वतःचे राखून ठेवा आणि ते आधीच सांगा. अडीच वर्षांच्या मुलामागे दिवसभर पळणं गुडघ्यांना झेपत नाही, हे सांगण्यात काही कमीपणा नाही. मुलांना ते कळतं. न सांगता धुसफुसत राहिलात तर मात्र कळत नाही.

आता घराबाहेर.

रोज चाला. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्या माणसांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि पायांत ताकद आणणारे व्यायाम करायला सांगते. हा दुसरा भाग बहुतेकजण सोडून देतात. खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीवरून उठणं, एवढ्यापासून सुरुवात करता येते. गुडघेदुखी, हृदयाचा त्रास, मधुमेह असेल तर काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

चपलांवर चालायला जाऊ नका. मागून बंद असलेले, तळ न घसरणारे बूट घ्या. खिशात एक कार्ड ठेवा. त्यावर नाव, घरचा फोन, रक्तगट, चालू औषधं आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते लिहा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊच्या आत घरी या. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटा टाळा, त्यापेक्षा इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा.

पुण्यात राहत असाल तर तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे, हनुमान टेकडी आहे. तिथे अंधारात आणि एकट्यानं जाऊ नका. अंगावर सोनं घालून जाऊ नका. पर्वतीच्या पायऱ्या शंभरावर आहेत. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर खरा भार उतरताना पडतो, म्हणून कठड्याच्या बाजूनं सावकाश उतरा. ज्यांना टेकडी झेपत नाही त्यांना सारसबाग आहे, एम्प्रेस गार्डन आहे. मुंबईत असाल तर राणीची बाग आहे, शिवाजी पार्कचा कट्टा आहे.

कट्ट्याबद्दल थोडं सांगते. कट्टा हवाच. घरी कोणी नीट ऐकत नाही असं वाटतं तेव्हा समवयस्क माणसं ऐकतात. पण एखाद्या कट्ट्यावर रोज फक्त आजार, सुनांच्या तक्रारी आणि राजकारण एवढंच चालतं. तिथून तुम्ही घरी येता ते जड मनानं. तसं होत असेल तर बसण्याची जागा बदला. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बघा. बऱ्याच संघांत व्याख्यान असतं, वाढदिवस असतात, आरोग्यतपासणी होते, सहली निघतात. भजनी मंडळ असेल तर तिथे बसा. आवाज चांगला नसला तरी टाळ धरता येतो.

सहलींचा विषय निघाला म्हणून सांगते. निवृत्त झालं की सगळ्यांना काशी, चारधाम, परदेश आठवतं. जरूर जा, तब्येत आणि पैसा असेल तोवर जा. पण ते वर्षातून एकदा. बाकीच्या एक्कावन्न आठवड्यांचं काय? त्यासाठी जवळच्या जागा हव्यात. सकाळी निघून संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी येता येईल अशा.

त्यासाठी एसटी आहे. ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ या वयात अर्धं तिकीट आहे. मार्च २०२३ पासून महिलांना कोणत्याही वयात अर्धं तिकीट आहे. सवलत राज्याच्या हद्दीत असते आणि शहरातल्या बसला ती चालत नाही. आधारकार्ड जवळ ठेवा. निघण्याआधी एकदा आगारात विचारून घ्या, कारण नियमात अधूनमधून बदल होत असतात.

सासवडचंच बघा. पुण्याहून तीसेक किलोमीटर. बस दिवेघाट चढून जाते. याच घाटानं आषाढीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी चढते आणि सासवडला मुक्काम करते. गावात सोपानदेवांची समाधी आहे. कऱ्हा आणि चांबळी या नद्यांच्या संगमावर संगमेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. आचार्य अत्रे यांचं जन्मगाव कोढीत इथून जवळच. हंगाम असेल तर येताना अंजीर नाहीतर सीताफळं आणा. एवढ्यात दिवस भरतो. त्याच दिवशी जेजुरी आणि नारायणपूर उरकायच्या भानगडीत पडू नका. एका दिवशी एकच गाव.

दुसरं गाव वाई. जरा लांब आहे, त्यामुळे पहाटेची गाडी धरा. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती बघा. तिथून मेणवली अगदी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा तिथे आहे. घाटावरच्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीजांची घंटा आहे. वसई १७३९ मध्ये जिंकली. नातवाला इतिहासात हा धडा असेल तेव्हा त्याला घेऊन जा. घंटा बघितलेलं पोर ते साल विसरत नाही.

मराठी विश्वकोशाचं कामही वाईतूनच झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक होते. आज विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. कुठेही जाण्याआधी आदल्या संध्याकाळी त्या जागेची नोंद वाचून जा. बघण्यात फार फरक पडतो.

जाताना काय काळजी घ्यायची ते सांगते. सुट्टीच्या दिवशी आणि यात्रेच्या दिवशी जाऊ नका. दोघांनी किंवा तिघांनी जा. पाण्याची बाटली, थोडे चणे-फुटाणे नाहीतर लाडू, दुपारच्या गोळ्या आणि छत्री बरोबर घ्या. मधुमेह असेल तर साखर किंवा गोळ्या-बिस्किटं खिशात हवीतच. स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे ते पोचल्या पोचल्या विचारून घ्या. अनेक बायका या एका भीतीनं दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग घरी येऊन आजारी पडतात. तसं करू नका. आगारात, देवस्थानच्या भक्तनिवासात, चांगल्या खानावळीत सोय असते. संकोच न करता विचारा.

दर वेळी गाव सोडायचीही गरज नाही. स्वतःच्याच शहरात किती गोष्टी बघायच्या राहून गेलेल्या असतात! पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारला देऊन टाकला. लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाचं नाव या संग्रहालयाला आहे. सुमारे वीस हजार वस्तू त्यात आहेत. पाहुणे आले की त्यांना घेऊन आपण तासाभरात सगळं फिरून येतो आणि काहीच लक्षात राहत नाही. आता तुम्हाला वेळ आहे. एका खेपेला फक्त दिवे बघा. पुढच्या वेळी फक्त अडकित्ते. नंतर स्वयंपाकघरातली भांडी. पुरणयंत्र, पाटा-वरवंटा, शेवेचे सोरे बघताना आईच्या स्वयंपाकघरातलं जे जे आठवेल, ते घरी येऊन वहीत लिहा.

आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची समाधी आहे. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी स्थानबद्धतेतच त्या गेल्या. इतकी वर्षं पुण्यात राहून तिथे एकदाही न गेलेली माणसं मला माहीत आहेत. या आठवड्यात जाऊन या.

आणि ग्रंथालय. दहा ते एकच्या वेळेवरचा सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय हा आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, रत्नागिरीचं १८२८ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तुमच्या तालुक्याच्या गावीही वाचनालय असेलच. तिथे जाऊन बसून वाचा. पुस्तक घरी मागवून वाचणं वेगळं आणि कपडे करून, बाहेर पडून, चार माणसांत बसून वाचणं वेगळं. ग्रंथपालांना विचारा, पुस्तकांना कव्हरं घालायला किंवा कपाट लावायला माणूस हवा आहे का. बहुतेक ठिकाणी हवा असतो.

छंदाबद्दल विचारलं की पुष्कळजण म्हणतात, ‘मला कसला छंद नाही.’ नोकरीत वेळ मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक सावधगिरी मात्र बाळगा. आधी सामान घेऊ नका. हार्मोनियम, कॅमेरा, ट्रेडमिल, रंगांचे डबे, हे सगळं तीन महिने दुसऱ्याचं वापरून बघा. मन रमलं तर मग घ्या.

कोणाला कुंड्या आवडतील. गॅलरीत कढीपत्ता, गवती चहा, ओवा, अळू सहज येतात. फक्त गच्चीवर मातीचा भार किती चालेल ते सोसायटीला विचारा आणि मोठ्या कुंड्या स्वतः उचलू नका. कोणाला पक्षी आवडतील. बुलबुल, दयाळ, तांबट, शिंजीर, भारद्वाज हे तर शहरातल्या खिडकीतूनही दिसतात. रोज एक वही आणि एक ठरलेली वेळ ठेवली तर वर्षभरात कोण कधी येतं, कधी घरटं बांधतं, याची नोंद होते.

मला स्वतःला एका गोष्टीचा आग्रह धरावासा वाटतो. मोडी लिपी शिका.

मराठीतला जुना कारभार शेकडो वर्षं मोडीत चालला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती व्यवहारात होती. तुमच्या आजोबांना ती येत असणार. अजूनही कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी मोडीतले कागद पडून आहेत. जमिनीचे, कर्जाचे, वतनाचे, लग्नाच्या याद्यांचे. ते कोणाला वाचता येत नाहीत म्हणून एक दिवस रद्दीत जातात.

शिकायला अवघड नाही, फक्त सवय लागते. आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची. मग त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जायची, हात शक्य तितका न उचलता. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. विरामचिन्हं नसतात. त्यामुळे सुरुवातीला एक ओळ लावायला अर्धा तास जातो. ‘हे काय असेल’ म्हणून मागचा-पुढचा मजकूर बघावा लागतो, अंदाज करावा लागतो, खोडावा लागतो. मग अचानक एखादं गावाचं नाव सुटतं आणि पुढची सगळी ओळ उलगडते. त्या वेळी होणारा आनंद मी शिकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. दहा कधी वाजले आणि एक कधी वाजला हे त्यांना कळत नाही.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही ते होतात. १९१० मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाकडे जुन्या कागदांचा मोठा साठा आहे आणि वाचणारे हात कमी आहेत. लिपी चांगली आली तर तुमचं काम खरोखर उपयोगी पडेल, नुसता वेळ घालवणं राहणार नाही.

मोडी नको असेल तर निदान घरातले फोटो काढून बसा. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलनं हलक्या हातानं लिहा, कोण आहे, कुठला प्रसंग, साधारण कोणतं साल. बॉलपेननं लिहू नका, दुसऱ्या बाजूला उमटतं. त्या फोटोतल्या माणसांची नावं आज घरात फक्त तुम्हालाच येतात.

हे सगळं करायचं तर हात-पाय धड हवेत. म्हणून घरात पडू नका. बाथरूमची फरशी घसरडी असेल तर बदला किंवा वर रबरी मॅट घाला. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्की दांडी बसवा. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका. बाथरूमची कडी आतून लावू नका, किंवा बाहेरून उघडेल अशी बसवून घ्या. रात्री उठण्याआधी दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसा. वाटेत छोटा दिवा चालू ठेवा. आणि माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढू नका. दिवाळीच्या साफसफाईत हे हमखास होतं. मोडलेल्या खुब्याला सहा महिने द्यावे लागतात, माळ्यावरचा डबा मात्र नातू आला की दोन मिनिटांत खाली येतो.

रिकाम्या दुपारी आणखी एक धोका घरात येतो. फोन वाजतो. तुम्हाला वेळ असतो, कोणीतरी अदबीनं बोलतं, म्हणून तुम्ही बोलत राहता. पलीकडचा माणूस पोलीस आहे म्हणतो, तुमच्या नावानं पार्सल सापडलं म्हणतो, ‘डिजिटल अरेस्ट’ केली म्हणतो, घरात कोणाला सांगू नका म्हणतो. अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा आणि लगेच घरच्यांना सांगा. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० या क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

पैशाचं थोडक्यात सांगते. सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवू नका, कारण ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच आहे. सरकारी पेन्शन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्या. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान कार्ड काढून ठेवा. राहतं घर हयातीत कोणाच्या नावावर करू नका. करायचंच असेल तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. अट लिहिलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या कायद्याखाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. मृत्युपत्र करा. खात्यावर नामनिर्देशन आहे म्हणजे वाटणी झाली, असं होत नाही.

दिवस बांधायला सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात घरातलं एक काम घ्या. पुढच्या आठवड्यात वाचनालयाची वर्गणी भरा. महिनाअखेरीस कुठलं तरी एक गाव करून या. कॅलेंडरवर लिहा आणि घरच्यांना आधी सांगा, म्हणजे त्यांनाही आपला दिवस मोकळा मिळतो.

तुमच्या इमारतीत, तुमच्या आळीत कोणीतरी असेल. जोडीदार गेला आहे, मुलं लांब आहेत, दार सहसा बंद असतं. अशा माणसाला ‘कधीतरी या’ म्हटलं तर येत नाही. उद्या सकाळी दहाला तुम्ही निघाल तेव्हा त्यांच्या दाराची बेल वाजवा आणि म्हणा, मी मंडईत चाललोय, चपला घाला, बरोबरच जाऊ.